ट्रान्झॅक्शन शेड्युलिंग हाताने शिका: एक कागद, दोन खिडक्या आणि शेवेचा साठा

इंदुरात डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पेपर देणाऱ्या मुलांना सिरियलायझेबिलिटीची (एकदम चाललेल्या कामांचा निकाल ती एकामागून एक केल्यासारखाच येणं) व्याख्या तोंडपाठ असते. भंवरकुआच्या क्लासेसमध्ये ती घोटूनच घेतात. पण हीच मुलं विजयनगरात किंवा सुपर कॉरिडॉरला नोकरीला लागतात, डेटाबेसच्या टेबलातल्या एकाच ओळीवर दोन रिक्वेस्ट एकदम येतात, आकडा चुकतो, आणि चूक कुठे शोधायची तेच कळत नाही. कोड दहा वेळा वाचला तरी त्यात चूक सापडत नाही, कारण ती कुठल्याही एका फंक्शनमध्ये नसते. दोन्ही फंक्शनं आपापल्या जागी बरोबर असतात, चुकलेला असतो तो त्यांचा एकमेकांतला क्रम. शेड्युलिंग हा विषय त्या क्रमाचा आहे.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या घरांत मराठी बोलणारी पण हिंदी-इंग्रजीत शिकलेली बरीच मुलं माझ्याकडे हा विषय समजून घ्यायला येतात. त्यांना मी ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. सोबत कागद-पेन्सिल घ्या आणि लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकून ठेवा. नुसतं वाचून हा विषय येत नाही.

पायरी १: ट्रान्झॅक्शन म्हणजे फक्त वाचन आणि लेखन

समजा राजवाड्याजवळ एक नमकीनचं दुकान आहे. लवंगी शेव दोन ठिकाणी ठेवलेली असते: गोदामात १०० किलो, दुकानात २० किलो. टेबलाचं नाव 'साठा', त्यात दोन ओळी. गोदामाला 'ग' म्हणू, दुकानाला 'द'.

ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधलं एक अख्खं काम: झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. पहिलं ट्रान्झॅक्शन टी१: गोदामातून २० किलो काढून दुकानात आणायची. दुसरं टी२: मालकांना एकूण साठा किती ते सांगायचं.

शेड्युलरला, म्हणजे क्रियांचा क्रम लावणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, शेव, किलो, मालक यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच दिसतं:

टी१: वाच१(ग), लिही१(ग), वाच१(द), लिही१(द)
टी२: वाच२(ग), वाच२(द)

परीक्षेत इथे इंग्रजी आर आणि डब्ल्यू लिहितात, ए आणि बी ही नावं देतात. रीत तीच. मधली वजाबाकी-बेरीज मुद्दाम गाळलेली असते, कारण ती प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत होते आणि तिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही. भांडण होतं ते फक्त सामायिक डेटाला हात लागतो तिथे.

नवीन प्रश्न हातात आला की आधी हे करा: गोष्ट बाजूला ठेवा आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनची वाचन-लेखनाची एक ओळ लिहून काढा. ऑफिसमधला बग शोधतानाही आधी हेच करायचं. ओआरएमच्या (आपल्या कोडवरून क्वेरी तयार करणारी लायब्ररी) एका ओळीमागे दोन-तीन वाचनं लपलेली असतात, ती क्वेरी लॉग चालू करून बघा.

पायरी २: सगळ्या सरमिसळी एकदा तरी मांडून बघा

शेड्युल म्हणजे या सहा क्रियांची एक रांग. अट एकच: टी१ च्या चार क्रियांचा आपसातला क्रम बदलायचा नाही, टी२ च्या दोघींचाही नाही. अशा रांगा होतात १५. त्यातल्या दोन सिरियल, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन पूर्ण संपल्यावर दुसरं सुरू होतं. बाकीच्या तेरांत दोघं एकमेकांत मिसळलेले असतात.

या पंधराही रांगा लिहून काढा. हा भाग पुस्तकांत नसतो, कारण जागा खातो. पण अर्ध्या तासात जेवढं इथे कळतं तेवढं व्याख्या वाचून कळत नाही. प्रत्येक रांगेत टी२ ला एकूण किती किलो दिसले ते शेजारी लिहा. खरा एकूण साठा टी१ च्या आधी १२० आणि नंतरही १२०, कारण माल फक्त इथून तिथे गेला आहे. म्हणून उत्तर नेहमी १२० यायला हवं.

दहा रांगांत १२० येतं आणि पाचांत चुकतं. ती पाच दोन तऱ्हांची असतात.

तीन रांगांत गोदामातून माल निघाल्यावर पण दुकानात चढण्याआधी टी२ दोन्ही आकडे वाचून जातो. त्याला ८० आणि २० दिसतात, एकूण १००. वीस किलो शेव गायब.

दोन रांगांत उलट होतं. टी२ गोदामाचे १०० टी१ च्या लेखनाआधी वाचतो आणि दुकानाचा आकडा सगळं झाल्यावर वाचतो, ४०. एकूण १४०. वीस किलो जास्तीची उगवली!

आणि त्या दहा बरोबर रांगांत सिरियल दोनच आहेत. उरलेल्या आठ मिसळलेल्या असूनही उत्तर बरोबर देतात. शेड्युलिंगचा सगळा धंदा या आठांसाठी आहे. फक्त सिरियल चालवायचं ठरवलं तर उत्तर कधीच चुकणार नाही, पण एक ट्रान्झॅक्शन डिस्ककडे बघत बसलं की बाकी सगळी दारात उभी राहतील. म्हणून मिसळू द्यायचं, पण निकाल कुठल्या तरी सिरियल क्रमाच्या निकालाइतकाच शुद्ध यायला हवा. सिरियलायझेबल म्हणजे एवढंच.

दोन ट्रान्झॅक्शनना प्रत्येकी चार क्रिया दिल्या की रांगांची संख्या ७० होते. खऱ्या डेटाबेसमध्ये मोजण्यात अर्थच उरत नाही. म्हणून निकाल न काढता नुसत्या रांगेकडे बघून ओळखायची युक्ती लागते.

पायरी ३: कॉन्फ्लिक्टच्या जोड्या आणि बाण

दोन क्रिया एकमेकींना कधी अडतात? त्या वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनच्या असतील, एकाच गोष्टीवर असतील, आणि दोघींपैकी किमान एक लेखन असेल, तर. तिन्ही अटी एकदम हव्यात. दोन वाचनं कधीच अडत नाहीत. परीक्षेत सर्वाधिक मार्क इथेच जातात: मुलं वाचन-वाचनाला बाण काढतात आणि नसलेलं चक्र तयार करून ठेवतात.

आमच्या उदाहरणात अशा जोड्या दोनच: लिही१(ग) आणि वाच२(ग), तसंच लिही१(द) आणि वाच२(द). वाच१ वाल्या क्रिया टी२ च्या कुठल्याही क्रियेला अडत नाहीत, कारण टी२ काही लिहीतच नाही.

आता प्रत्येक ट्रान्झॅक्शनसाठी एक गोल काढा. जोडीतली जी क्रिया रांगेत आधी येते तिच्या गोलाकडून नंतर येणारीच्या गोलाकडे बाण. यालाच प्रिसीडन्स ग्राफ म्हणतात. बाणांचं चक्र झालं तर शेड्युल कॉन्फ्लिक्ट सिरियलायझेबल नाही. चक्र नसेल तर आहे.

१०० देणारी एक रांग घ्या: वाच१(ग), लिही१(ग), वाच२(ग), वाच२(द), वाच१(द), लिही१(द). 'ग' वर टी१ आधी, म्हणून टी१ कडून टी२ कडे बाण. 'द' वर टी२ आधी, म्हणून टी२ कडून टी१ कडे. चक्र झालं. १४० वाल्या रांगेत हेच दोन बाण उलट्या जागी येतात, 'ग' वर टी२ आधी आणि 'द' वर टी१ आधी. पाचही वाईट रांगांत चक्र सापडेल, दहा चांगल्यांत एकातही नाही. प्रत्येकीवर पडताळून बघा.

तीन ट्रान्झॅक्शनचा एक सराव:

वाच१(क), वाच२(ख), लिही१(क), वाच३(क), लिही२(ख), लिही३(क), वाच१(ख)

डावीकडून एकेक क्रिया घ्या आणि तिच्या उजवीकडेच बघा, मागे वळायचं नाही. मग बाणांची दिशा चुकत नाही. 'क' वर टी१ ची टी३ शी टक्कर, टी१ आधी. 'ख' वर लिही२ आधी, वाच१ नंतर, म्हणून टी२ कडून टी१ कडे. बाण दोन, चक्र नाही. ज्या गोलात एकही बाण येत नाही तो आधी उचला: टी२, मग टी१, मग टी३. हे शेड्युल त्या सिरियल क्रमाइतकंच चांगलं आहे. रांगेत टी१ सगळ्यात आधी सुरू झालं आणि सगळ्यात शेवटची क्रियाही त्याचीच, तरी सिरियल क्रमात ते मधे आलं. आधी सुरू झालं म्हणजे क्रमात आधी, असं काही नसतं.

व्ह्यू सिरियलायझेबिलिटी नावाची यापेक्षा सैल कसोटीही अभ्यासक्रमात असते. ती तपासणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे झटपट तपासायची रीत कुणालाच माहीत नाही, हे १९७९ मध्ये पापादिमित्रिऊ यांनी दाखवलं. पेपरापुरती वाचा आणि पुढे चला.

पायरी ४: कमिट कोण आधी करतं

कमिट म्हणजे केलेलं कायम करणं, रोलबॅक म्हणजे केलेलं सगळं मागे घेणं. वरचाच सराव परत बघा. तो सिरियलायझेबल आहे, पण निर्धोक नाही. टी३ ने 'क' ची जी किंमत वाचली ती टी१ ने लिहिलेली, आणि तेव्हा टी१ चं कमिट झालेलं नव्हतं. टी१ ने 'ख' ची जी किंमत वाचली ती टी२ ची. आता टी२ ला शेवटच्या क्षणी रोलबॅक करावं लागलं तर? टी१ ने न घडलेली गोष्ट वाचली, म्हणून तेही मागे फिरवायचं. मग टी३ पण. एका रोलबॅकने तीन पडली. याला कॅस्केडिंग अबॉर्ट म्हणतात.

याहून वाईट म्हणजे टी३ ने घाई करून आधीच कमिट केलं असेल तर. मग ते मागे घेताच येत नाही. शेड्युल रिकव्हरेबलच राहत नाही. नियम साधा आहे: ज्याच्याकडून वाचलं त्याच्या आधी कमिट करायचं नाही. आणि कॅस्केड नको असेल तर कमिट न झालेलं वाचायचंच नाही. चालू डेटाबेस सहसा यातला दुसरा नियम पाळतात. ग्राफ सुटला की कमिटचा क्रम तपासायला विसरू नका, त्याचे वेगळे मार्क असतात.

पायरी ५: लॉक

ग्राफ ही तपासणी झाली, तीही शेड्युल घडून गेल्यावरची. डेटाबेसला पुढची क्रिया कुठली येणार हे माहीत नसतं. तरीही चक्र होऊ न देण्याची हमी कशी द्यायची? १९७६ मध्ये आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेतल्या एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या चौघांनी एका निबंधात उत्तर मांडलं: टू-फेज लॉकिंग. त्यातल्या जिम ग्रे यांना पुढे ट्रान्झॅक्शनवरच्या कामासाठी १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

वाचायचं तर शेअर्ड लॉक, लिहायचं तर एक्सक्लुझिव्ह लॉक. शेअर्ड अनेकांना एकदम मिळतो, एक्सक्लुझिव्ह एकालाच. खरा नियम यापुढचा: एकदा एक जरी लॉक सोडला की नवीन लॉक घ्यायचा नाही. आधी नुसतं घेत जायचं, मग नुसतं सोडत जायचं. 'काम झालं की लॉक सोडला' एवढ्याने भागत नाही. टी१ ने 'ग' लिहून लगेच तो लॉक सोडला आणि मग 'द' चा मागितला, तर मधल्या फटीत टी२ शिरतो आणि १०० वाचून जातो. लॉक असूनही आकडा चुकला! ती फट कागदावर रेखाटून बघा, मग दोन टप्प्यांचा नियम पाठ करावा लागत नाही.

प्रत्यक्षात लेखनाचे लॉक कमिटपर्यंत धरून ठेवतात, त्याला स्ट्रिक्ट टू-फेज म्हणतात. पायरी ४ मधला कॅस्केडचा प्रश्नही त्यातच सुटतो.

लॉकबरोबर डेडलॉक येतोच. टी१ गोदामातून दुकानात माल आणतो, त्याच वेळी दुसरं ट्रान्झॅक्शन उरलेला माल दुकानातून गोदामात परत पाठवतं. एकाने 'ग' धरला, दुसऱ्याने 'द', आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. पोस्टग्रेस मुळच्या सेटिंगप्रमाणे एक सेकंद वाट बघतो, मग कोण कुणासाठी थांबलंय ते तपासतो आणि चक्र सापडलं तर एकाला रद्द करतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन चक्र होताच ओळखतं. टाळायचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: माल कुठल्याही दिशेने जाऊ दे, लॉक नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्या, आधी 'ग', मग 'द'. बँकेसारख्या हिशेबात खाते क्रमांकाचा चढता क्रम धरतात.

पायरी ६: दोन खिडक्या उघडा

आता लॅपटॉप. पीएसक्यूएलच्या, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रामच्या, दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावा, डावी टी१, उजवी टी२. साठा टेबल करून १०० आणि २० भरा. दोन्हीकडे आधी बिगिन द्यायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक कमांड स्वतंत्रपणे कमिट होत जाईल आणि प्रयोग फुकट जाईल.

पहिला प्रयोग. डावीकडे गोदामातून २० वजा करणारा अपडेट द्या, कमिट नको. उजवीकडे गोदामाचा आकडा सिलेक्ट करा. उजवी खिडकी थांबत नाही. तिला १०० दिसतात, कारण पोस्टग्रेस ओळीची जुनी आवृत्ती ठेवून वाचणाऱ्याला ती दाखवतो. त्याच्याकडे लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. आता डावीकडे दुकानात २० वाढवा आणि कमिट करा. मग उजवीकडे दुकानाचा आकडा सिलेक्ट करा. ४० आले. बेरीज १४०.

कागदावरची वाईट रांग एका नावाजलेल्या डेटाबेसवर, कुठलंही सेटिंग न बदलता, तुमच्या डोळ्यांसमोर घडली. कारण पोस्टग्रेसची मुळची आयसोलेशन लेव्हल (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्यापासून किती वेगळं ठेवायचं ती पातळी) रीड कमिटेड आहे आणि तिच्यात प्रत्येक क्वेरीला नवा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाचं चित्र, मिळतो. इनोडीबीची मुळची लेव्हल रिपीटेबल रीड. १९९२ च्या एसक्यूएल मानकात चार पातळ्या आहेत, आणि या दोघांपैकी एकही सर्वांत वरच्या, म्हणजे सिरियलायझेबल, पातळीवर आपणहून सुरू होत नाही. कॉलेजात शिकलेली हमी नोकरीतल्या डेटाबेसमध्ये मागितल्याशिवाय मिळत नाही. नवख्यांनी या लेखातलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

आकडे पूर्ववत करा आणि उजवीकडचं ट्रान्झॅक्शन रिपीटेबल रीड सांगून सुरू करा. त्याच क्रमाने केलंत तर १०० आणि २०, म्हणजे १२०, कारण इथे अख्ख्या ट्रान्झॅक्शनला स्नॅपशॉट एकच. एकाच सिलेक्टमध्ये दोन्ही ओळींची बेरीज मागितली तर रीड कमिटेडमध्येही १२० येतात, कारण एका क्वेरीला स्नॅपशॉट एकच. कित्येकदा दोन क्वेरींची एक करणं हाच सगळ्यात स्वस्त इलाज असतो.

दुसरा प्रयोग, हरवलेला अपडेट. दुकानात २० किलो. दोन गिऱ्हाइकं एकदम, एकाला ५ किलो हवी, दुसऱ्याला ३. दोन्ही खिडक्यांत २० वाचा. डावीकडे १५ लिहून कमिट, उजवीकडे १७ लिहून कमिट. डब्यात खरी शेव १२ किलो, कॉम्प्युटर म्हणतो १७. वजाबाकी अ‍ॅपमध्ये न करता अपडेटमध्येच 'किलो वजा ३' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ते जमत नसेल तर वाचतानाच सिलेक्ट फॉर अपडेट वापरून ओळ धरून ठेवा. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड लावलं तर उजवीकडचं लेखन एरर देऊन थांबतं. इनोडीबीत त्याच नावाच्या पातळीवर ते निमूट पुढे जातं आणि १७ लिहून मोकळं होतं. पातळीचं नाव सारखं असलं तरी वागणं सारखं असतंच असं नाही, म्हणून आपल्या डेटाबेसवर स्वतः चालवून बघा.

तिसरा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आता दोन्हीकडे २० किलो ठेवा. मालकांचा नियम: ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी दोन्ही मिळून किमान १० किलो शिल्लक हवीच. दोन्ही खिडक्यांत रिपीटेबल रीड. दोघंही एकूण साठा बघतात, ४०. डावी म्हणते, दुकानातले २० काढले तरी २० उरतात, ठीक. उजवी म्हणते, गोदामातले २० काढले तरी २० उरतात, ठीक. दोघंही कमिट करतात, एरर नाही, आणि साठा शून्य. दोघांनी वेगवेगळ्या ओळी लिहिल्या म्हणून कुणी कुणाला अडलंच नाही. याचं नाव राइट स्क्यू. कागदावर बाण काढा: टी१ ने 'ग' वाचला आणि टी२ ने नंतर तो लिहिला, टी२ ने 'द' वाचला आणि टी१ ने नंतर तो लिहिला. चक्र लगेच दिसेल. स्नॅपशॉटला ते दिसत नाही.

आता तेच सिरियलायझेबल लेव्हलवर करा. जो दुसरा कमिट करायला जाईल त्याला एरर येईल. पोस्टग्रेसमध्ये हे २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून आहे. ती वाचन-लेखनाच्या बाणांवर नजर ठेवते आणि धोक्याची रचना दिसली की एकाला पाडते. क्वचित निर्दोष ट्रान्झॅक्शनही पडतं, तेवढी किंमत त्यात धरलेली आहे. ऑरॅकलमध्ये मात्र सिरियलायझेबल मागितलं तरी स्नॅपशॉटच मिळतो, तिथे हा नियम ओळी लॉक करूनच सांभाळावा लागतो.

पायरी ७: एरर आली की सगळं पहिल्यापासून

सिरियलायझेबल निवडलं की एरर येणारच, ती घरातली नेहमीची गोष्ट समजा. पोस्टग्रेसमध्ये दोन कोड ओळखीचे करून घ्या: ४०००१ म्हणजे क्रम जुळला नाही, ४०पी०१ म्हणजे डेडलॉक. दोन्हींचं उत्तर एकच, रोलबॅक करून परत चालवा. रोलबॅक न करता त्याच खिडकीत पुढची कमांड दिली तर प्रत्येक कमांड नाकारली जाते आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

परत चालवायचं म्हणजे पडलेला अपडेट परत देणं नव्हे. सुरुवातीचं वाचन, त्यावरून केलेला हिशेब, 'ठीक' म्हणण्याचा निर्णय, सगळं नव्याने. तिसऱ्या प्रयोगात उजवीकडचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्यांदा चालवलं की त्याला एकूण २० दिसतात आणि ते २० काढायला नकार देतं. नुसता अपडेट परत दिला असता तर साठा पुन्हा शून्यावर गेला असता.

म्हणून कोड लिहितानाच ट्रान्झॅक्शनचं अख्खं अंग एका फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे ते जसंच्या तसं परत हाकता येतं. किती वेळा प्रयत्न करायचा त्याला मर्यादा घाला आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडं, दर वेळी कमी-जास्त, थांबा. नाहीतर दोघं परत एकाच क्षणी येऊन धडकतील. गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवणं, पैसे कापायची विनंती करणं ही कामं त्या फंक्शनच्या आत ठेवू नका. डेटाबेस स्वतःचं लेखन मागे घेऊ शकतो, पाठवलेला एसएमएस नाही. 'एसएमएस पाठवायचा आहे' अशी एक ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या टेबलात लिहा, आणि कमिट झाल्यावर वेगळ्या प्रोग्रामने ती उचलून पाठवू दे.